टॉवर लाईनची मीटिंग लागलीय? जाण्याआधी एवढं वाचून जा

परवा मेव्हण्याचा फोन आला, दाजी, आमच्या गावात सोमवारी हायटेन्शन लाईनची मीटिंग आहे, तलाठ्यानं कोतवालाकडून निरोप दिलाय, एकटा जाऊ का वकील घेऊन जाऊ? तासभर त्याला सांगत बसलो आणि ठेवल्यावर वाटलं की हे सगळं लिहूनच काढावं, कारण आता सोलरचे आणि पवनचक्क्यांचे प्रकल्प वाढल्यामुळं लाईनी गावोगावी येतायत आणि प्रत्येक गाव पहिल्या मीटिंगला कोरं करकरीत जातं. आम्हीपण तसेच गेलो होतो. आमच्या रानातून ४०० केव्हीची, म्हणजे चार लाख व्होल्टची, लाईन गेली तेव्हा पहिल्या मीटिंगला मी नुसता ऐकत बसलो, दुसऱ्या मीटिंगला सगळं गाव रेटवरून भांडलं, आणि तिसऱ्या मीटिंगला मी टॉवर बांधाला सरकवा असं म्हणलो तेव्हा साहेब म्हणाले आता ड्रॉइंग मंजूर झालं. पहिल्याच मीटिंगला तोंड उघडलं असतं तर तो टॉवर माझ्या विहिरीच्या वाटेवर आला नसता. म्हणून खाली जे लिहितोय ते त्याच क्रमानं वाचा, कोणती गोष्ट कधी बोलायची हेच यात महत्त्वाचं आहे.

ही नेमकी कसली मीटिंग आहे

लोक तिला जनसुनावणी म्हणतात पण ती जनसुनावणी नसते. खाणीला किंवा औष्णिक प्रकल्पाला पर्यावरण कायद्यात जी जनसुनावणी घ्यावी लागते तशी ट्रान्समिशन लाईनला लागत नाही, कारण २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेच्या यादीत या लाईनी येतच नाहीत. त्यामुळं इथं बहुतेक वेळा होते ती ग्रामपंचायतीत, तहसीलमध्ये नाहीतर प्रांत ऑफिसात बोलावलेली बैठक. लाईन पाहिजे की नको यावर तिथं मतदान होणार नाही, हे मनाशी पक्कं करून जा नाहीतर दोन तास त्यातच जातील.

दुसरी गोष्ट, तुमची जमीन संपादित होत नसते. सातबारा तुमच्याच नावावर राहतो, पीक तुम्हीच घेता, फक्त टॉवरचे पाय जिथं रोवले ती जागा गेल्यात जमा आणि तारांखालच्या पट्ट्यात घर, शेड, उंच झाड यावर कायमची बंदी. म्हणून रस्त्याला जमीन गेली तेव्हा पाहुण्याला चौपट पैसे मिळाले तर आम्हाला का नाही, हा प्रश्न इथं लागू पडत नाही कारण तो कायदाच वेगळा आहे. लाईन चालते वीज कायदा २००३ वर. त्याच्या कलम १६४ खाली सरकार लाईनवाल्या कंपनीला १८८५ च्या टेलिग्राफ कायद्यातले अधिकार देऊ शकतं आणि एकदा ते अधिकार मिळाले की शेतकऱ्याची आधी संमती घ्यायचं बंधन राहत नाही, २०१६ साली सुप्रीम कोर्टानंही हेच सांगितलंय. पण त्याच टेलिग्राफ कायद्यात असंही लिहिलंय की नुकसान कमीत कमी करायचं आणि जे होईल त्याची पूर्ण भरपाई द्यायची. तुमचा सगळा जोर या दोन वाक्यांवर पाहिजे.

म्हणून मीटिंगमध्ये पहिला प्रश्न हाच विचारा, अगदी शांतपणे: साहेब, तुमच्याकडं कलम १६४ चा आदेश आहे का, असेल तर त्याची प्रत द्या. महापारेषण किंवा पॉवर ग्रिडसारखी सरकारी कंपनी असेल तर आदेश बहुतेक असतोच. पण एखाद्या खाजगी सोलर किंवा पवनचक्की कंपनीची स्वतःची लाईन असेल तर तो नसूही शकतो, आणि तो नसेल तर तुमची संमती लागते. हा फरक फार मोठा आहे. आमच्या भागात अशा एका खाजगी लाईनच्या माणसांनी सरकारी काम आहे असं सांगून सह्या घेतल्या आणि लोकांनी दिल्या, कारण आदेश बघायला मागायचं कुणाला सुचलंच नाही.

जाण्याआधीची तयारी

लाईन कुठल्या कुठल्या गावातून जाणार याची जाहीर सूचना पेपरात छापतात, गावांची नावं देऊन, आणि हरकत पाठवायची मुदत त्याच सूचनेत असते. गावात ती कुणी वाचत नाही. ग्रामपंचायतीत विचारा, सूचना आली होती का, कधी आली, मुदत उरलीय का. उरली असेल तर मीटिंगची वाट न बघता लेखी हरकत आधी टाका.

मग कागद काढा. चालू सातबारा, आठ अ, गटाचा नकाशा, आणि मोजणी झालेली असेल तर मोजणीची क प्रत. सातबाऱ्यावर आजोबांचं नाव असेल आणि आजोबा वारलेले असतील तर वारस नोंद आत्ताच लावून घ्या, पैसे अडकतात ते इथंच. आत्या आणि बहिणींची नावं सातबाऱ्याला असतील तर त्यांना मीटिंगच्या आधी फोन करून सांगा, त्यांचाही वाटा आहे त्यात, नंतर चेक निघायच्या वेळी कळलं की घरात विनाकारण कडू होतं. आणि जमीन वाट्यानं दिली असेल तर पिकाची भरपाई कुणाला, हे वाटेकऱ्याबरोबर आधीच बोलून ठेवा.

ई-पीक पाहणी केली नसेल तर करा. हे मी हात जोडून सांगतो. सातबाऱ्यावर पड असं दिसत असेल आणि रानात डाळिंब उभं असेल तर पंचनाम्याच्या वेळी नुसती झिगझिग होते. विहीर, बोअर, शेततळं, पाईपलाईन, ठिबक, फळझाडं किती आणि किती वर्षांची, या सगळ्याची नोंद आहे का बघा आणि नसेल तर लावायला टाका, आणि मोबाईलवर लोकेशन आणि तारीख दिसेल असे फोटो काढून ठेवा, झाडाजवळ माणूस उभा करून म्हणजे उंची कळते. गटाच्या नकाशाची झेरॉक्स घ्या आणि पेननं त्यावर विहीर, घर, झाडं, पाईपलाईन, जाण्यायेण्याची वाट सगळं काढा. साहेबांच्या टेबलावर हा एक कागद ठेवला की बोलणं एकदम बदलतं, हे मी स्वतः बघितलंय.

मीटिंगमध्ये कोण काय बोलतं

समोर प्रांत किंवा तहसीलदार, कंपनीचे एक दोन इंजिनीअर, कॉन्ट्रॅक्टरचा माणूस, तलाठी, सरपंच, कधी एखादा पोलीसपण असतो, त्याला बघून घाबरायचं काही नाही. इंजिनीअर एक नकाशा दाखवणार किंवा प्रोजेक्टरवर लाल रेघ दाखवणार आणि म्हणणार की तुमच्या गावात इतके टॉवर आहेत. त्या लाल रेघेवरून कुणालाच काही कळत नाही. गट नंबरवार यादी मागा: कुठल्या गटात टॉवर आहे, कुठल्या गटावरून नुसत्या तारा जातायत, तारांची लांबी किती मीटर. आज नाही म्हणाले तर कधी देणार ते विचारा आणि ती तारीख इतिवृत्तात लिहायला सांगा.

काही वाक्यं ठरलेली असतात. शेजारच्या गावानं सह्या केल्यात. रेट वरून ठरलाय, आमच्या हातात काही नाही. काम अडवलं तर बंदोबस्तात करू. यातलं शेवटचं कायद्यानं होऊ शकतं, टेलिग्राफ कायद्याच्या कलम १६ मध्ये कलेक्टरला तसा आदेश द्यायचा अधिकार आहे, पण त्यासाठी कंपनीला कलेक्टरकडं जावं लागतं आणि तिथं तुम्हाला तुमचं म्हणणं मांडता येतं, नुसतं मीटिंगमध्ये म्हणलं म्हणून उद्या पोलीस येत नाहीत. शेजारच्या गावानं कुठल्या दरावर सही केली ते त्याच गावात फोन करून विचारा, बहुतेक वेळा तिथं अजून काहीच झालेलं नसतं.

गावानं आधी बसून दोघं तिघं बोलणारे ठरवावेत. सगळे एकदम उठले की साहेब लोक वही मिटवून निघतात आणि कागदावर येतं की ग्रामस्थांशी चर्चा झाली. आमची दुसरी मीटिंग अशीच गेली.

आधी टॉवर कुठं ते बोला, पैशाचं नंतर

सगळ्यात जास्त चूक इथं होते म्हणून जरा सविस्तर सांगतो. कामाचा क्रम असा असतो: आधी ढोबळ सर्व्हे, मग डिटेल सर्व्हे, मग टॉवरच्या जागा कागदावर ठरतात, मग रानात येऊन खुणा, मग पायाचे खड्डे, मग टॉवर उभा, शेवटी तारा ओढणं. जागा बदलता येते ती खुणा होईपर्यंत. भरपाईचं भांडण त्यानंतरही वर्षभर चालू ठेवता येतं, पण काँक्रीट पडल्यावर टॉवर हलत नाही.

काय मागायचं तेपण समजून मागा. सरळ लाईनीतला टॉवर लाईनीच्या दिशेनं थोडा पुढं किंवा मागं घ्यायला तुलनेनं सोपा असतो, त्यामुळं रानाच्या मधोमध येणारा पाय बांधाला जाऊ शकतो. बाजूला घ्या म्हणलात तर मात्र लाईनच वाकते, तिथं कोनाचा जाड टॉवर लागतो, खर्च वाढतो आणि शेजाऱ्याच्या रानात प्रश्न सुरू होतो. म्हणून आधी पुढंमागं मागा, आणि ते दोन शेजाऱ्यांनी मिळून मागितलं तर चांगलंच. ४०० केव्हीच्या दोन टॉवरमध्ये साधारण ४०० मीटर अंतर असतं, २२० केव्हीला साडेतीनशेच्या आसपास, त्यावरून तुमचा टॉवर कुठंवर सरकू शकतो याचा अंदाज घ्या.

घरावरून, शाळेवरून, वस्तीवरून रेघ जात असेल तर पर्यायी मार्ग लेखी मागा, आधीच गेलेली जुनी लाईन जवळ असेल तर तिच्या कडेनं न्या असं सुचवा. हे अशक्य नसतं. गोव्यात मोलेच्या जंगलातून जाणाऱ्या ४०० केव्ही लाईनबद्दल सुप्रीम कोर्टाच्या सेंट्रल एम्पॉवर्ड कमिटीनं एप्रिल २०२१ च्या अहवालात हेच सांगितलं होतं, की नवीन पट्टा तोडण्यापेक्षा आधीच्या २२० केव्ही लाईनचा पट्टा वापरा. ते जंगल होतं आणि मागं मोठं आंदोलन होतं हे खरं, पण मुद्दा तोच आहे.

आता पैसे

भरपाईचे तीन भाग वेगवेगळे लक्षात ठेवा: टॉवरखालची जागा, तारांखालचा पट्टा, आणि पीक-झाडं. केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाची मार्गदर्शक तत्त्वं ६६ केव्ही आणि त्यावरच्या लाईनींना आहेत, पोलवरच्या ११ किंवा ३३ केव्हीला नाहीत. ऑक्टोबर २०१५ च्या तत्त्वांत टॉवरच्या जागेला जमिनीच्या किमतीच्या ८५ टक्के आणि पट्ट्याला जास्तीत जास्त १५ टक्के होते. जून २०२४ मध्ये ते टॉवरला २०० टक्के आणि पट्ट्याला ३० टक्के झाले, आणि टॉवरची जागा म्हणजे चार पायांच्या आतली जागा अधिक चारी बाजूंनी एक एक मीटर. मार्च २०२५ मध्ये शहरी भागांसाठी पट्ट्याचा दर अजून वाढवला. पण प्रत्येक राज्य आपला जीआर काढतं आणि तुमच्या लाईनला कुठला लागतो हे लाईन कधी मंजूर झाली त्यावरूनही वाद होतात, म्हणून मीटिंगमध्ये जीआरचा नंबर आणि तारीख विचारा आणि इतिवृत्तात लिहून घ्या. नुसतं शासन नियमाप्रमाणं मिळेल या उत्तरावर उठू नका.

पट्टा किती रुंद ते व्होल्टेजवर असतं. १३२ केव्हीला २७ मीटर, २२० ला ३५, ४०० ला ४६ आणि ७६५ केव्हीच्या डबल सर्किटला ६७ मीटर.

एक हिशोब करून दाखवतो, आकडे मी समजायला धरलेत. जमिनीचा दर हेक्टरी २० लाख धरा, म्हणजे चौरस मीटरला २०० रुपये. २२० केव्हीचा टॉवर, पायांमधलं अंतर १० मीटर धरलं तर एक एक मीटर वाढवून १२ गुणिले १२, म्हणजे १४४ चौरस मीटर, २०० टक्क्यांनी झाले ५७,६०० रुपये. आता तारा तुमच्या रानावरून १५० मीटर जातायत, पट्टा ३५ मीटर, म्हणजे ५,२५० चौरस मीटर, सुमारे ५२ गुंठे. नव्या ३० टक्क्यांनी ३ लाख १५ हजार आणि जुन्या १५ टक्क्यांनी १ लाख ५७ हजार ५००. बघा, सगळे टॉवरच्या पैशाबद्दल भांडतात पण खरी रक्कम पट्ट्यात आहे, आणि ज्याच्या रानात टॉवर नाही, फक्त तारा आहेत, तो मीटिंगलाच येत नाही कारण त्याला वाटतं आपल्याला काही मिळत नाही. त्याला घरी जाऊन उठवून आणा.

आणि या सगळ्याच्या बुडाशी जमिनीचा दर आहे. रेडी रेकनरचा दर बाजारभावापेक्षा बऱ्याचदा कमी असतो, म्हणून मागच्या दोन तीन वर्षांत गावात झालेल्या खरेदीखतांच्या प्रती काढून ठेवा आणि त्या प्रांतांकडं लेखी अर्जासोबत द्या. जमीन बागायत असून कागदावर जिरायत असेल तर तेपण आधी दुरुस्त करायला लागतं. जास्तीचा मोबदला काढून देतो, मला एवढे टक्के द्या म्हणणारे लोक याच काळात गावात फिरायला लागतात, त्यांच्याकडं कुठलाच कागद सही करून देऊ नका.

तारांखाली उद्या काय करता येणार नाही ते आजच विचारा

उसाचा फड पेटवला आणि वर तार असली तर धूर आणि जाळानं लाईन ट्रिप होते, आणि खाली माणूस असेल तर जीवावर बेततं. बोअरची गाडी तारांखाली उभी करता येत नाही, तिचा मास्ट उंच असतो. म्हणजे बोअर पट्ट्यात असेल तर पुढं मोटार काढायला, दुरुस्तीला काय करायचं, हे इंजिनीअरकडून लेखी घ्या. नाशिक-सांगलीकडच्या द्राक्षवाल्यांनी मांडवाच्या लोखंडी तारांचं अर्थिंग कोण करून देणार ते विचारा, तसंच पत्र्याच्या शेडचं आणि तारेच्या कुंपणाचं, कारण मोठ्या लाईनखाली अशा लोखंडात करंट उतरतो आणि हात लावला की झटका बसतो. आंबा, नारळ, साग अशी उंच वाढणारी झाडं तोडली जातात, त्यांची किंमत फळझाड असेल तर कृषी खात्याच्या मूल्यांकनानं आणि इमारती लाकूड असेल तर वन खात्याच्या मूल्यांकनानं निघते, झाड तोडायच्या आधी, नंतर नाही. ज्याला पुढं प्लॉट पाडायचेत किंवा एनए करायचंय त्यानं आत्ताच बोलावं.

सही आणि कागद

हजेरीच्या वहीवर सही करताना वरचा मजकूर वाचा. आमच्याकडं एका मीटिंगमध्ये हजेरीच्या पानावर वर संमती असल्याचं वाक्य होतं आणि निम्म्या गावानं सही केल्यावर एका कॉलेजच्या पोरीनं ते वाचून दाखवलं. तेव्हापासून मी नावाखाली "फक्त हजर" असं लिहूनच सही करतो. कोऱ्या कागदावर, कोऱ्या संमतीपत्रावर, रक्कम मोकळी सोडलेल्या करारावर सही नाही म्हणजे नाही. घरी नेऊन वाचून देतो असं सांगा, यात उद्धटपणा काही नाही.

तोंडी जे बोललात ते सगळं एका पानावर लिहून न्या, दोन प्रती, एक द्या आणि दुसरीवर पोच घ्या, शिक्का आणि तारखेसकट. इतिवृत्ताची प्रत मागा. आठ दिवसात आली नाही तर माहिती अधिकारात दहा रुपयांचं तिकीट लावून अर्ज टाका, ३० दिवसात उत्तर द्यावं लागतं. ग्रामसभेचा ठराव करा, त्यानं लाईन थांबेलच असं नाही पण पुढं कलेक्टरसमोर आणि कोर्टात तो कागद उपयोगी पडतो. रक्कम पटली नाही तर टेलिग्राफ कायद्याच्या कलम १६ खाली जिल्हा न्यायालयात वाढीव भरपाईसाठी जाता येतं, मोबदला घेताना "हरकत राखून" असं लिहायला वकील सांगतात ते त्याचसाठी.

काम सुरू झालं की पिकाचा पंचनामा टप्प्याटप्प्यानं होतो, पाया घेताना एकदा, टॉवर उभा करताना एकदा, तारा ओढताना एकदा, आणि तीनही वेळा वेगळं पीक उभं असू शकतं. प्रत्येक वेळी पंचनाम्याची प्रत घ्या. गाड्या कुठल्या वाटेनं येणार, बांध फोडला तर कोण घालून देणार, पायातून निघालेला मुरूम कुठं टाकणार, पाईपलाईन फुटली तर किती दिवसात जोडणार, हे पहिल्याच मीटिंगमध्ये लिहून घेतलं तर नंतर कॉन्ट्रॅक्टरच्या मुकादमाशी रोज भांडायला लागत नाही. आमच्या रानात मुरमाचा ढीग दोन पावसाळे तसाच होता.

मेव्हण्यानं काल गटाचा नकाशा काढला, त्यावर विहीर आणि सीताफळाची झाडं काढून मला व्हॉट्सअ‍ॅपला पाठवला. शेजारच्या आप्पांच्या रानावरून फक्त तारा जातायत, त्यांनाही तो उद्या सातबारा काढायला घेऊन चाललाय. सोमवारी अकराची मीटिंग आहे, मी सकाळच्या एसटीनं जाणार आहे.